एसजीपीए काढायला कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: ॲपपेक्षा दप्तरातला कॅल्सी बरा

निकाल लागला की मुलं प्ले स्टोअरवर एसजीपीएचं (म्हणजे सत्राच्या सरासरी गुणांकाचं) ॲप शोधत बसतात. वास्तविक बऱ्याच जणांच्या दप्तरात पडलेला कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस हेच काम जास्त विश्वासानं करतो. अडचण एवढीच, की ज्या सोयीमुळे तो हे काम करतो, ती नवीन कॅल्सीत बंद असते आणि सेटिंगच्या दुसऱ्या पानावर दडलेली असते. या परीक्षणात कॅल्सीच्या बाकीच्या गुणांना हात लावलेला नाही. इंटिग्रेशन, मॅट्रिक्स, व्हेक्टर यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे प्रश्न एकच: क्रेडिटनुसार, म्हणजे विषयाच्या वजनानुसार, भारित सरासरी काढायला हा कसा आहे, आणि कॅसिओचाच ८२एमएस, साधा दुकानी कॅल्सी किंवा गूगल शीट्स यांच्यापुढे कुठे कमी पडतो?

आधी हिशेब कसला, ते पाहू. यूजीसीच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत प्रत्येक श्रेणीला गुणांक ठरलेला आहे: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. किती मार्कांना कोणती श्रेणी, हे मात्र विद्यापीठागणिक बदलतं, त्यामुळे टक्के बघून गुणांक स्वतः ठरवू नका. गुणपत्रिकेवर छापलेलाच घ्या. प्रत्येक विषयाचा गुणांक गुणिले त्याची क्रेडिट्स, या सगळ्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट्स, आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत. हा झाला एसजीपीए.

उदाहरणासाठी नव्या शैक्षणिक धोरणाचं २२ क्रेडिटचं एक सत्र घेऊ. आधी क्रेडिट, मग गुणांक (व्हीएससी ते सीसी ही विषयगटांची लघुरूपं आहेत, हिशेबाला त्यांच्याशी देणंघेणं नाही):

मेजर थिअरी: ४, ७
मेजर प्रॅक्टिकल: २, ९
ओपन इलेक्टिव्ह: ४, ६
व्हीएससी: २, ८
एसईसी: २, ८
एईसी: २, ७
व्हीईसी: २, ९
आयकेएस: २, ८
सीसी: २, १०

गुणाकारांची बेरीज १७०, क्रेडिट २२, म्हणजे एसजीपीए ७.७३. नऊ गुणांकांची नुसती सरासरी काढली तर बरोब्बर ८.०० येते. खरं उत्तर खाली येतं कारण चार क्रेडिटच्या दोन्ही विषयांत गुण कमी आहेत आणि सीसीतले दहा फक्त दोन क्रेडिटचे आहेत. ‘माझा आठ आला’ म्हणून सांगत सुटलेली आणि गुणपत्रिका हातात आल्यावर विद्यापीठाला शिव्या घालणारी मंडळी बहुधा इथेच घसरलेली असतात.

आता ९९१ईएस प्लसवर हे कसं बसवायचं ते. शिफ्ट आणि मोड दाबून सेटअप उघडा, खालचा बाण दाबून दुसऱ्या पानावर जा, तिथे स्टॅट निवडा. फ्रिक्वेन्सी (एखादा आकडा किती वेळा धरायचा) ऑन की ऑफ, असं विचारलं जाईल, ऑन करा. हे एकदाच करावं लागतं. मग मोड, ३ (स्टॅट), १ (वन-व्हेर). समोर दोन रकाने येतात: एक एक्सचा, एक फ्रेकचा. एक्समध्ये गुणांक, फ्रेकमध्ये क्रेडिट. प्रत्येक आकड्यानंतर बरोबर (=) दाबलं की कर्सर खालच्या ओळीत उतरतो, त्यामुळे आडवं भरायला जाऊ नका. आधी सगळे गुणांक उभे भरा, मग बाणांनी पहिल्या ओळीवर परत येऊन क्रेडिट्स उभी भरा. शेवटी एसी. रकाने दिसेनासे झाले तरी घाबरू नका, डेटा आत आहे. शिफ्ट, १, ४ (व्हेर), २ (डोक्यावर रेघ असलेला एक्स), बरोबर. पडद्यावर ७.७२७२७२७२७ येतं.

पण हे उत्तर लगेच उतरवून घेऊ नका. त्याआधी शिफ्ट, १, ४, १, बरोबर असं दाबून एन बघा. फ्रिक्वेन्सी सुरू असताना एन म्हणजे विषयांची संख्या राहत नाही, क्रेडिट्सची बेरीज होते. ती २२ यायलाच हवी. मग शिफ्ट, १, ३ (सम), २ नं सिग्मा एक्स बघा: १७०. अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर क्रेडिटची बेरीज आणि क्रेडिट गुणिले गुणांकांची बेरीज, दोन्ही छापलेल्या असतात. दोन्ही आकडे जुळले तर सरासरी चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. या कॅल्सीची खरी किंमत या दोन तपासण्यांत आहे. ॲप बहुधा नुसतं उत्तर दाखवतं. ते कशातून आलं, ते पोटातच ठेवतं.

एन बघायचा आग्रह का, तर या यंत्राची एक खोड आहे. एक्समध्ये आकडा टाकताच तो फ्रेकमध्ये आपणहून १ भरून ठेवतो. नऊ ओळींपैकी पडद्यावर एका वेळी तीनच दिसतात. ओपन इलेक्टिव्हच्या ओळीत १ चा ४ करायचा राहिला, तर सिग्मा एक्स १५२ आणि एन १९ होतो, सरासरी येते ८.००. कसलीही एरर नाही, उत्तर अगदी पटण्यासारखं, आणि योगायोगानं साध्या सरासरीशी जुळणारं! दोन चुकीच्या वाटांनी एकच उत्तर आलं, की माणूस त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

दुसरी चूक रकान्यांची अदलाबदल. क्रेडिट एक्समध्ये आणि गुणांक फ्रेकमध्ये गेले, तर सिग्मा एक्स तरीही १७०च येतो, कारण गुणाकार उलटसुलट केला तरी तोच राहतो. फक्त एन ७२ होतो आणि सरासरी २.३६. म्हणजे एकटा सिग्मा एक्स पाहून भागत नाही. सरासरी दोन ते चारच्या मध्ये कुठेतरी आली, की आधी रकाने बघा, मग नशिबाला दोष द्या.

नापास विषयाचं काय? ओपन इलेक्टिव्हमध्ये एफ असेल, तर एक्समध्ये शून्य आणि फ्रेकमध्ये ४ भरायचे. शून्याला किंमत नाही म्हणून ओळच गाळली, तर १४६ भागिले १८, म्हणजे ८.११ येतात, पास असतानापेक्षा जास्त! बरोबर उत्तर १४६ भागिले २२, म्हणजे ६.६४. अर्थात एटीकेटी (नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जायची मुभा) असेल तर बऱ्याच ठिकाणी त्या सत्राचा एसजीपीए छापतच नाहीत, त्यामुळे हा आकडा आपल्या अंदाजापुरता. ऑडिट किंवा बिनक्रेडिटचा विषय मात्र खरोखरच गाळायचा. किंवा फ्रेकमध्ये शून्य ठेवा.

बारीकसारीक गोष्टी. दीड क्रेडिटचा विषय असेल तर फ्रेकमध्ये १.५ चालतं, फ्रिक्वेन्सी पूर्णांकच हवी असं बंधन नाही. दोन रकाने सुरू असताना ४० ओळी मावतात. एका सत्राला त्या उदंड झाल्या, पण अख्ख्या पदवीचे सगळे विषय एकदम भरायचे म्हटलं तर अपुऱ्या. भरतानाच्या पडद्यावर एम प्लसची कळ काम करत नाही. आणि सर्वांत तापदायक गोष्ट: मोड बदलला किंवा फ्रिक्वेन्सीचं सेटिंग हलवलं, की भरलेला डेटा न विचारता पुसला जातो. मधेच एक गुणाकार करायचा म्हणून मोड १ दाबलात, की नऊ ओळी पुन्हा भरायला बसा. त्याची गरजही नसते, कारण एसी दाबल्यावर त्याच मोडमध्ये साधी आकडेमोड करता येते. भरलेला डेटा पुन्हा बघायला शिफ्ट, १, २.

दोन दशांश हवे म्हणून शिफ्ट, मोड, ६ (फिक्स), २ केलं तर पडद्यावर ७.७३ दिसतं. आत मात्र पूर्ण आकडाच असतो. हे लक्षात ठेवायचं ते सीजीपीएसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्र सरासरीसाठी.

सीजीपीएला हीच रीत: एक्समध्ये प्रत्येक सत्राचा एसजीपीए, फ्रेकमध्ये त्या सत्राची एकूण क्रेडिट्स. सगळी सत्रं २२-२२ क्रेडिटची असतील तर नुसती सरासरी काढली तरी उत्तर तेच येतं, उगाच कळा बडवू नका. इंजिनिअरिंगला तसं नसतं. २३ क्रेडिटच्या सत्रात ६.८० आणि शेवटाकडच्या १४ क्रेडिटच्या सत्रात ९.२० असतील, तर साधी सरासरी ८.०० आणि भारित ७.७१. प्रोजेक्टच्या हलक्या सत्रातले नऊ सव्वानऊ दिसायला छान दिसतात, पण वजन कमी असल्यामुळे सीजीपीए फारसा उचलत नाहीत.

इथे एक वादाचा मुद्दा येतो. एसजीपीए गोल केलेला घ्यायचा की न केलेला? यूजीसीच्या सूत्रात सत्रांचे एसजीपीए आणि क्रेडिट्स वापरले आहेत आणि दोन्ही उत्तरं दोन दशांशांपर्यंत गोल करायला सांगितली आहेत. काही ठिकाणी सगळ्या सत्रांचे मूळ गुणाकार बेरजेला घेतात. ७.७३ गुणिले २२ म्हणजे १७०.०६, मूळ बेरीज १७०. एवढ्याशा फरकानं शेवटचा अंक कधीकधी एकानं सरकतो. गुणपत्रिकेपेक्षा तुमचं उत्तर ०.०१ नं वेगळं आलं तर आधी दुसऱ्या पद्धतीनं काढून बघा, अर्ज नंतर लिहा.

ज्यांना स्टॅट मोड नको, ते कॉम्प मोडमध्ये (साध्या आकडेमोडीच्या) सरळ ओळ लिहितात: ७×४+९×२+… आणि शेवटी ÷२२. यात सगळी बेरीज कंसात टाकायची राहिली, तर फक्त शेवटचे २० बावीसनं भागले जातात आणि उत्तर १५०.९१ येतं. ही चूक निदान दडून राहत नाही. ओळ ९९ बाइट्सपर्यंत चालते, म्हणजे सत्राचा हिशेब आरामात मावतो, आणि मागे जाऊन एखादा आकडा बदलता येतो. पण नऊ विषयांच्या त्या लांबलचक ओळीत कुठला आकडा कुणाचा, हे पाच मिनिटांनी तुम्हालाच ओळखू येत नाही.

कॉम्प मोडमध्ये ९९१ची एक कळ मात्र फार उपयोगाची आहे: काल्क. ‘पुढच्या सत्रात किती पाडावे लागतील?’ हा प्रश्न ती झटक्यात सोडवते. (ए×डी−बी×सी)÷(डी−सी) असं अक्षरांत लिहा. ए म्हणजे हवा असलेला सीजीपीए, डी शेवटची एकूण क्रेडिट्स, बी आत्ताचा सीजीपीए, सी आत्तापर्यंतची क्रेडिट्स. काल्क दाबलं की ती प्रत्येक अक्षराची किंमत विचारते. पाच सत्रांत ११० क्रेडिट्स, सीजीपीए ७.४० आणि १३२ क्रेडिट्सनंतर ७.७५ हवा, तर उत्तर येतं ९.५. म्हणजे जवळजवळ अर्ध्या क्रेडिट्समध्ये ओ आणि बाकीच्यांत ए प्लस. ए बदलून ७.६० टाका, लगेच ८.६ येतं. उत्तर दहाच्या वर गेलं तर विषय संपला. ८२एमएसमध्ये काल्क नाही, आणि या एका कामासाठी ९९१चे जास्तीचे पैसे वसूल होतात.

पण नुसती भारित सरासरी हवी असेल, तर ८२एमएस ९९१पेक्षा सरस आहे, हे कबूल करायलाच हवं. त्यात मोड, २ (एसडी). मग जुना डेटा पुसायला शिफ्ट, मोड, १, बरोबर. ही पायरी टाळली तर मागच्या सत्राचे आकडे नव्यात मिसळतात. प्रत्येक विषयासाठी गुणांक, शिफ्ट, स्वल्पविरामाची कळ (तिच्यावरचा अर्धविराम उमटतो), क्रेडिट, एम प्लस. म्हणजे पहिला विषय ७;४ आणि एम प्लस. प्रत्येक नोंदीनंतर पडद्यावर एन दिसतो: ४, ६, १०, १२, १४, १६, १८, २०, २२. गुणपत्रिकेवर बोट ठेवून क्रेडिट्सची बेरीज जुळवत जाता येते. वरच्या उदाहरणात सगळी क्रेडिट्स सम आहेत. मधेच एन विषम दिसला की क्रेडिट टाकायचं राहिलं हे त्याच क्षणी कळतं. शेवटी शिफ्ट, २, १, बरोबर. किंमत ९९१ईएस प्लसच्या निम्म्याच्या आसपास. ९९१एमएसवरही हेच जमतं, फक्त एसडी मोडसाठी मोड दोनदा दाबून १.

घरातला दुकानी कॅल्सीही पुरेसा आहे. आधी मेमरी साफ करून पडद्यावरचं बारीक एम गेलं आहे ना ते बघा, मग ७×४ एम प्लस, ९×२ एम प्लस असं शेवटपर्यंत, आणि मेमरी बोलावून ÷२२. जीटीची (एकूण बेरजेची) कळ असेल तर प्रत्येक गुणाकारानंतर नुसतं बरोबर दाबा आणि शेवटी जीटी ÷२२. यात भरलेले आकडे रकान्यांत मागे जाऊन बघता येत नाहीत, एवढीच उणीव.

गूगल शीट्सचा नंबर कुठे? पूर्ण पदवीचा हिशेब ठेवायचा असेल तर पहिला. एका रकान्यात क्रेडिट, शेजारी गुणांक. सम्प्रॉडक्टनं दोन्ही रकान्यांची गुणाकार-बेरीज घ्यायची आणि तिला क्रेडिटच्या रकान्याच्या समनं भागायचं. शीट्समध्ये ॲव्हरेज-डॉट-वेटेड नावाचं तयार फंक्शनही आहे, त्यात आधी गुणांक आणि मग क्रेडिट. एक्सेलमध्ये ते नाही, त्यामुळे सम्प्रॉडक्टच शिका, दोन्हीकडे चालतं.

शीट्समधला सापळा वेगळा आहे. निकालाच्या पानावरून कॉपी करून आणलेल्या आकड्याला न दिसणारी स्पेस चिकटली, की तो आकडा न राहता मजकूर होतो. सम्प्रॉडक्ट त्याला गुपचूप शून्य धरतं. ओपन इलेक्टिव्हचा ६ असा मजकूर झाला तर उत्तर ६.६४, म्हणजे शीटच्या लेखी तुम्ही त्या विषयात नापास. त्याचं क्रेडिट मजकूर झालं तर अख्खा विषय गायब आणि उत्तर ८.११. ओळखायची खूण सोपी: संरेखन हातानं बदललेलं नसेल तर आकडे चौकटीत उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. श्रेणीवरून गुणांक आपोआप आणायला व्हीलुकअप वापरत असाल, तर शेवटी फॉल्स लिहाच. नाहीतर ते जवळची जुळणी शोधतं आणि क्रमानं न लावलेल्या श्रेणींच्या यादीतून भलताच गुणांक उचलून आणतं.

ॲप वापरायचंच असेल तर दोन गोष्टी तपासा. त्यात गुणांक शून्य टाकता येतो का, आणि क्रेडिट्स तुम्हाला बदलता येतात का. क्रेडिट्स आधीच भरून देणारी ॲप्स जुन्या अभ्यासक्रमाची क्रेडिट्स दाखवत राहू शकतात. अमेरिकी ॲप्समधलं ‘वेटेड’ बटण आणखी वेगळं. तिथल्या शाळांत ऑनर्स किंवा एपी अशा वरच्या पातळीच्या विषयाला बहुधा अर्धा किंवा एक गुण जास्तीचा देतात, ते बटण त्यासाठी आहे. आपल्या क्रेडिटच्या भाराशी त्याचा संबंध नाही, आणि मोजपट्टीही चारची असते.

टक्केवारी काढायच्या बाबतीत कुठलाच कॅल्सी मदतीला येत नाही, तिथे सूत्र माहीत हवं. ९.५ नं गुणायची सवय सीबीएसईच्या जुन्या दहावीच्या निकालातून आलेली आहे. पदवीला ती लावू नका. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के, ७.२५ ला ६५ आणि ७.७५ ला ७० धरले आहेत, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहानं गुणायचं. ७.७३ चे या रीतीनं ६९.८ टक्के होतात आणि साडेनऊनं गुणले तर ७३.४. प्लेसमेंटच्या फॉर्मवर सत्तरची अट असेल तर हा फरक अंगाशी येतो. विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात दिलेलं असेल, तर तेच वापरा.

आता घ्यायचा कोणता? ९९१ईएस प्लस आधीच जवळ असेल तर दुसरं काही घेऊ नका. नवा घेणार असाल तर कॅसिओच्याच ९९१ईएक्सवर या कामापुरता तरी जास्त आराम आहे: वन-व्हेरिएबलचा निकाल एकाच यादीत मिळतो, सरासरी, सिग्मा एक्स आणि एन सगळं बाण दाबत वाचायचं, शिफ्ट-१ च्या फेऱ्या नाहीत. त्यात छोटं स्प्रेडशीटही आहे, पाच रकाने आणि ४५ ओळींचं. ९९१सीडब्ल्यूमध्ये मोडची कळच नाही. होममधून स्टॅटिस्टिक्स, मग वन-व्हेरिएबल, आणि फ्रिक्वेन्सी टूल्समधून सुरू करायची. ज्याला ईएसच्या कळा पाठ आहेत, तो पहिले काही दिवस चिडचिड करणार. फर्स्ट इयरच्या मुलाला नवा घेऊन देत असाल तर तो प्रश्न नाही, त्याचा हात अजून कशावरच बसलेला नसतो.